अभ्यासिकेतली मशीन दोन मिनिटं कुठे अडतात: प्रकल्प नोंदी

शनिवार, २ जुलै २०२२

तालुक्याच्या वाचनालयाची अभ्यासिका. आठ मशीन, सगळी कुणीकुणी दिलेली. जी-४१ चिपसेटचे बोर्ड, ४ जीबी रॅम, आणि सात मशीनमध्ये रेडिऑन एचडी ४३५० ग्राफिक्स कार्ड. आधी जो मुलगा हे बघायचा त्याने डेबियन ११ ही लिनक्स प्रणाली टाकून त्यावर स्वतः बांधलेला ५.१० कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बसवलाय. इनिटरॅमएफएस (डिस्क जोडण्याआधी मेमरीत उघडणारी छोटी फाइलव्यवस्था) नाही, लागतील ते ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच. हौशी काम आहे, पण नीटनेटकं. तो नोकरीला पुण्याला गेला आणि शनिवार-रविवारची ही जबाबदारी माझ्या गळ्यात आली.

तक्रार एकच: चालू व्हायला फार वेळ लागतो. पावसाळ्यात इथे दिवसातून तीन-चारदा वीज जाते आणि यूपीएस एकालाही नाही. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "सर, लाइट आले की मी आठही बटणं दाबते आणि चहा ठेवते. चहा होतो, ही होत नाहीत."

यावर उपचार आधी झालेलेच आहेत. दुरुस्तीवाल्याने दोन नंबरच्या मशीनला एसएसडी बसवली. आठ सेकंद वाचले. आता तो रॅम वाढवा म्हणतोय. मॅडमना सांगितलं, मी मोजून होईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

तीन नंबरचं मशीन घेतलं. बटण दाबल्यापासून लॉगिनची चौकट दिसेपर्यंत मोबाइलच्या स्टॉपवॉचवर २ मिनिटं ३८ सेकंद. सिस्टमडी-अॅनालाइज हा आदेश म्हणतो: कर्नल २ मिनिटं ८.२ सेकंद, युजरस्पेस (कर्नलनंतर चालू होणारे बाकीचे प्रोग्राम) १५.६ सेकंद. उरलेले चौदा सेकंद बायोस (बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्राम) आणि ग्रब (कर्नल उचलणारा प्रोग्राम) यांचे. या आदेशात फर्मवेअरसाठी वेगळा आकडा येतो तो यूईएफआयवर. ही मशीन जुन्या बायोसवर उठतात, त्यामुळे तो रकाना नाहीच.

म्हणजे डिस्कचा, रॅमचा काही संबंध नाही. कर्नलला दोन मिनिटं लागतात. याच कर्नलला माझ्या घरच्या याहून जुन्या मशीनवर पाच सेकंद लागावेत.

निघताना एक मुलगा म्हणाला, "सर, सहा नंबर लवकर लागतो, म्हणून सकाळी सगळे तिकडेच पळतात." लिहून ठेवतो. आत्ता अर्थ लागत नाही.

रविवार, ३ जुलै

आजचा दिवस वाया गेला. कसा गेला तेही लिहितो, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तेच करीन.

ग्रबच्या मेनूत ई दाबून 'क्वाएट' (कर्नलचे संदेश पडद्यावर न दाखवण्याची सूचना) काढलं आणि पडद्याकडे बघत बसलो. ओळी भराभर धावल्या, 'रेडिऑन कर्नल मोडसेटिंग एनेबल्ड' अशी एक ओळ आली आणि चित्र गोठलं. नमलॉकचा दिवासुद्धा पेटेना. मशीन मेलंय असंच वाटतं. दोन मिनिटांनी एकदम नव्या बारीक अक्षरांत सगळं पुढे सरकलं. मी मनाशी म्हटलं, इथे पडदा जुन्या कन्सोलकडून रेडिऑनकडे जातो, त्यामुळे मधल्या काळात काय चाललंय ते दिसत नाही, एवढंच. म्हणजे धागा हातात होता आणि मी तो सोडून दिला.

मग लॉगिन करून डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या संदेशांची नोंद, काढला आणि त्यात 'फर्मवेअर' शब्द शोधला. एकच ओळ सापडली: रेग्युलेटरी डॉट डीबी नावाची फाइल थेट वाचता आली नाही, त्रुटी उणे २. उणे २ म्हणजे अशी फाइलच नाही. ही ओळ इंटरनेटवर इतक्या जणांनी विचारलेली आहे की चोर सापडला असंच वाटलं. ती फाइल वायफायच्या देशवार नियमांची. या मशीनना वायफायच नाही. कर्नलमधून सीएफजी-८०२११ हा वायफायचा भाग काढून टाकला आणि कर्नल पुन्हा बांधला. या प्रोसेसरवर पन्नास मिनिटं.

नंतरचा आकडा: २ मिनिटं ८.० सेकंद.

तेव्हा कुठे डीमेसेजची पहिली ओळ वाचली. ती होती १२६.५ व्या सेकंदाची. त्याआधीचं काहीच नाही! कर्नलचा लॉग बफर (संदेश साठवायची मेमरीतली जागा) कॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नल बांधतानाच्या उत्तरांच्या फाइलीत, १४ वर ठेवलेला, म्हणजे दोनाचा चौदावा घात, १६ केबी. वळसा घेऊन मागचं सगळं पुसलं गेलेलं. जर्नल (सिस्टमची नोंदवही) उठून वाचायला लागेपर्यंत तेच उरलेलं, म्हणून जर्नलमध्येही तेवढंच. मी दोन मिनिटांचा चोर शोधत होतो त्या दोन मिनिटांनंतरच्या कागदात.

शिवाय ती वायफायची मागणी कर्नल वाट न बघता करतो. फाइल मागून ठेवतो आणि पुढे चालू पडतो. ती अडवणारी नव्हतीच.

मंगळवार, ५ जुलै

रात्री घरी. शनिवारी काय काय करायचं त्याची यादी केली. त्या मुलाने जुनी कॉन्फिग फाइल ठेवली होती, ती पेनड्राइव्हवर आणली आहे. वरच्या ओळींत मूळ आवृत्ती दिसते: ३.४. म्हणजे २०१२ सालची कॉन्फिग, दर वेळी 'मेक ओल्डकॉन्फिग' करत पुढे ओढलेली. नव्या प्रश्नांना एंटर दाबत गेलं की वर्षानुवर्षं चालतं. मीही असंच करतो.

शनिवार, ९ जुलै

दिवसभर पाऊस. वीज दोनदा गेली, म्हणजे दोन चाचण्या फुकटात.

आधी सीरियल केबल लावून पाहिली. बोर्डाला नऊ पिनांचा कॉम पोर्ट आहे आणि मला त्याचा मोह. इनिटकॉल-डीबग (सुरुवातीच्या प्रत्येक फंक्शनचा वेळ छापणारी सूचना) लावून कन्सोल सीरियलवर सोडला, आणि कर्नलचा वेळ दहा सेकंदांनी वाढला. साहजिक आहे. ११५२०० च्या वेगाने सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात, ८० अक्षरांच्या ओळीला जवळपास ७ मिलिसेकंद. इनिटकॉल-डीबग प्रत्येक फंक्शनला दोन ओळी छापतो, अशा दीड हजार ओळी. ताप मोजायला थर्मामीटर लावावा आणि त्यानेच ताप चढावा. केबल काढली.

मग सरळ मार्ग. ग्रबमध्ये दोनच गोष्टी जोडल्या: लॉग बफर १ एमबी आणि इनिटकॉल-डीबग. 'क्वाएट' परत घातलं, म्हणजे पडद्यावर छापण्यात वेळ जायला नको. उठल्यावर डीमेसेज फाइलीत काढला, 'आफ्टर' असलेल्या ओळी त्यापुढच्या आकड्याप्रमाणे लावल्या. सगळ्यात वर रेडिऑन-इनिट, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरची सुरुवात, साधारण १२ कोटी १२ लाख मायक्रोसेकंद. त्याच्या खालचा दुसरा नंबर एका सेकंदाच्याही आत.

आकडा जुळेना. रेडिऑन-इनिटला हाक मारल्याची ओळ २.३१ ला, परतल्याची १२६.४७ ला. फरक १२४.१६ सेकंद, आणि हा म्हणतो १२१.२५. तीन सेकंद कुणी खाल्ले? सोर्स उघडला. ५.१० मध्ये नॅनोसेकंदांना १,००० ने भागत नाहीत, दहा बिट उजवीकडे सरकवतात, म्हणजे १,०२४ ने भागतात. नाव मायक्रोसेकंद, माप थोडं मोठं. सुमारे २.३ टक्क्यांचा फरक एरवी कुणाच्या लक्षात येत नाही, दोन मिनिटांवर तो उघडा पडतो. यात अर्धा तास गेला, पण मजा आली.

आता त्या दोन वेळांच्या मधल्या ओळी. वहीत उतरवल्या तशा:

२.६७ ला: रेडिऑन/आरव्ही७१०_एसएमसी.बिन (आरव्ही७१० म्हणजे कार्डावरची चिप) थेट वाचता आली नाही, उणे २. लगेच पुढे: सिसएफएसच्या (कर्नल आणि प्रोग्राम यांच्यातली फाइलींसारखी खिडकी) पर्यायी वाटेवर जात आहे.

६४.४८ ला: एसएमसी फर्मवेअर लोड करताना त्रुटी.

६४.८० ला: रेडिऑन/आरव्ही७१०_यूव्हीडी.बिन, तीच उणे २, तीच पर्यायी वाट.

१२५.९२ ला: यूव्हीडी फर्मवेअर लोड करता येत नाही.

दोन खड्डे. एक ६१.८ सेकंदांचा, दुसरा ६१.१ चा. खरं काम अडलेलं असतं तेव्हा वेळ वेडावाकडा येतो, दर बूटला वेगळा. एकाच मापाचे दोन खड्डे लागोपाठ दिसले की तिथे काम चाललेलं नाही, कुणीतरी घड्याळ लावून बसलंय. आणि साठ हा आकडा माणसाने निवडलेला.

खात्रीसाठी नोमोडसेट (ग्राफिक्स ड्रायव्हरने पडदा हातात घेऊ नये ही सूचना) लावून एक बूट. त्यात रेडिऑन हात वर करून परत जातो. कर्नल ४.० सेकंद. ठरलं.

सहा नंबरचाही उलगडा झाला. मॅडमनी सांगितलं, त्याचं कार्ड गेल्या दिवाळीत जळलं, ते काढून मॉनिटर बोर्डाच्या सॉकेटला जोडलाय. बोर्डावरच्या इंटेलच्या त्या जुन्या ग्राफिक्सला फाइलीतून फर्मवेअर लागतच नाही. पोरांनी आठ महिन्यांपूर्वी लावलेला शोध लागायला मला दोन शनिवार गेले.

रविवार, १० जुलै (आषाढी)

वाचनालय बंद. किल्ली मॅडमकडून आणली, डब्यात साबुदाण्याची खिचडी. एकट्याने काम करायला याहून चांगला दिवस नाही.

आधी कारण नीट लिहून काढतो, कारण फर्मवेअर या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. बोर्डावरच्या चिपमध्ये असतं ते बायोस, तेही फर्मवेअर. इथला प्रश्न दुसऱ्याचा. ग्राफिक्स कार्डाच्या आत छोटे छोटे प्रोसेसर असतात, त्यांचा प्रोग्राम कार्डावर साठवलेला नसतो. ड्रायव्हर दर वेळी तो फाइलीतून आणून कार्डात ओततो. ती फाइल आणून देण्याचं काम कर्नलमधलं रिक्वेस्ट-फर्मवेअर करतं.

पूर्वी कर्नल स्वतः फाइल वाचत नसे. युजरस्पेसला संदेश पाठवायचा, युडेव्ह हा उपकरणं सांभाळणारा प्रोग्राम फाइल शोधून सिसएफएसमध्ये ओतायचा. २०१२ मध्ये युडेव्हच्या बाजूने यात घोळ झाले तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्सनी वैतागून ३.७ मध्ये कर्नललाच थेट फाइल वाचायला शिकवलं. २०१४ मध्ये सिस्टमडीच्या २१७ व्या आवृत्तीने युडेव्हमधलं ते काम काढूनच टाकलं. पण कर्नलमध्ये जुनी वाट पर्याय म्हणून शिल्लक आहे, आणि ती चालू ठेवणारा कॉन्फिगचा प्रश्न या कॉन्फिगमध्ये 'वाय' आहे. थेट वाचन फसलं की कर्नल अजूनही जुन्या पत्त्यावर हाक मारतो आणि ६० सेकंद थांबतो. त्या घरात आता कुणी राहत नाही. आमच्या बाबतीत तर घरच अजून बांधलेलं नसतं: ड्रायव्हर कर्नलच्या पोटात, त्यामुळे इनिट (युजरस्पेसचा पहिला प्रोग्राम) सुरू होण्याच्या आधीच फाइल मागितली जाते.

आणि गंमत म्हणजे दोन्ही फाइली डिस्कवर आहेत. लिब/फर्मवेअर/रेडिऑनमध्ये आत्ता बघितल्या, डेबियनच्या फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स पॅकेजमधून आलेल्या. फक्त कर्नल त्या मागतो तेव्हा डिस्क माउंटच झालेली नसते. उणे २ खोटं नाही, त्या क्षणी फाइल खरंच नाही.

मग पडदा चालतो कसा? त्या मुलाने कॉन्फिगमधल्या एक्स्ट्रा-फर्मवेअरच्या ओळीत तीन फाइली कर्नलमध्येच शिवून टाकल्या होत्या: आरव्ही७१०_पीएफपी, आरव्ही७१०_एमई आणि आर७००_आरएलसी. ३.४ च्या काळात या कार्डाला एवढ्याच पुरायच्या. रेडिऑनमध्ये यूव्हीडी म्हणजे व्हिडिओ उलगडणारा भाग ३.१० ला आला आणि डीपीएम म्हणजे गरजेप्रमाणे घड्याळ-व्होल्टेज कमीजास्त करणं ३.११ ला. तेव्हापासून ड्रायव्हर आणखी दोन फाइली मागतो, यूव्हीडीची आणि डीपीएमसाठी एसएमसी. ओल्डकॉन्फिग नवे प्रश्न विचारतो, जुन्या उत्तरात काय कमी पडलं ते सांगत नाही. बरं, या दोन फाइली न मिळणं ड्रायव्हरच्या दृष्टीने जीवघेणं नाही. तक्रारीची ओळ छापून तो पुढे जातो. पीएफपी नसती तर पडदाच आला नसता आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी दुरुस्त केलं असतं.

एक बारीक गोष्ट उरली होती. ६० च्या ऐवजी ६१.८ आणि ६१.१ का? कर्नलचं टाइमर व्हील, म्हणजे मुदती मोजणारी यंत्रणा, लांबच्या मुदतींना बारीक मोजत नाही. हा कर्नल २५० हर्ट्झचा (सेकंदाला २५० ठोके), त्यात सोळा सेकंदांपासून सुमारे १३१ सेकंदांपर्यंतच्या मुदती २.०४८ सेकंदांच्या खाचांत बसवतात, आणि पुढच्या खाचेवर. दोन खड्डे ज्या क्षणी संपले त्यांतलं अंतर १२५.९२ वजा ६४.४८, म्हणजे ६१.४४. भागिले २.०४८, बरोबर ३०. खिचडीचा घास तसाच हातात राहिला.

दुपारी दुरुस्ती. पहिल्यांदा फक्त पर्यायी वाट बंद केली आणि कर्नल बांधला. कर्नल ४.८ सेकंद. इथेच थांबावंसं वाटलं, खरं सांगतो. पण डीमेसेजमध्ये त्या दोन्ही तक्रारी आहेत तशाच, फक्त आता लगेच येतात. कार्डाच्या सिसएफएसमधली पॉवर-मेथड फाइल वाचली: 'प्रोफाइल'. एसएमसी नसल्यामुळे डीपीएम सुरूच होत नाही, कार्ड रिकामं बसलेलं असतानाही आपल्या नेहमीच्या घड्याळावर चालतं. सेन्सर्समध्ये ६१ अंश. या कार्डांना पंखा नाही, नुसता हीटसिंक, आणि खोलीत आठ मशीन. वाट बंद केल्याने थांबणं गेलं, उणीव राहिली, आणि आता ती कुणाला दिसलीही नसती.

म्हणून दुसऱ्यांदा, दोन्ही फाइली एक्स्ट्रा-फर्मवेअरच्या ओळीत जोडल्या. मेक तासभर चालून शेवटी अडला: ही फाइल बनवायचा नियम नाही. मी आरव्ही लहान लिपीत टाइप केलं होतं आणि फाइलीच्या नावात ते मोठ्या लिपीत आहे. तेवढं सुधारून पुन्हा मेक, या वेळी लवकर झालं.

कर्नल ४.९ सेकंद. रेडिऑन-इनिट ०.९. 'डीपीएम इनिशियलाइझ्ड' अशी ओळ, पॉवर-मेथड 'डीपीएम'. वीस मिनिटं रिकामं ठेवल्यावर ५२ अंश. बटणापासून लॉगिनपर्यंत स्टॉपवॉचवर ३५ सेकंद, त्यातले चौदा बायोस-ग्रबचे, त्यांना हात लावणार नाही.

रेडिऑन मॉड्यूल, म्हणजे नंतर डिस्कवरून चढणारा वेगळा तुकडा, करून टाकला असता तर डिस्क माउंट झाल्यावर फाइल आपोआप सापडली असती, तोही मार्ग बरोबरच. पण मग पडदा उशिरा येतो, आणि त्या मुलाची रचना मला मोडायची नव्हती. लॉग बफर मात्र १४ वरून १७ केला. ११२ केबी वाचवून काय मिळवलं होतं देव जाणे. सीएफजी-८०२११ काढलंय ते काढलेलंच राहू दे.

बुधवार, १३ जुलै

त्या मुलाला फोन केला. रागावेल असं वाटलं होतं. तो हसला, म्हणाला, "दादा, मी सोडून जाईपर्यंत मला वाटायचं बोर्डच स्लो आहेत." पर्यायी वाटेला 'वाय' का दिलं ते त्यालाही आठवत नाही.

शनिवार, १६ जुलै

नवा कर्नल उरलेल्या सहा कार्डवाल्या मशीनवर टाकला. ३४ ते ३६ सेकंद, एसएसडीवाला दोन नंबर २७. सात नंबर ५१ वर अडला. जीव खाली-वर झाला, पण इनिटकॉलची यादी स्वच्छ होती. बायोसमध्ये कुणीतरी नेटवर्कवरून बूट पहिल्या क्रमांकावर ठेवलेलं होतं. बदललं, ३५.

एमपीव्ही या प्लेअरमध्ये व्याख्यानाचा एक व्हिडिओ व्हीडीपीएयूवर, म्हणजे कार्डाकडून उलगडून घेत, चालवून पाहिला. आधी प्रोसेसर साठ टक्क्यांच्या वर जायचा, आता दहाच्या आसपास. हे कुणी मागितलं नव्हतं.

सहा नंबरवर जुनाच कर्नल ठेवलाय, तिथे काही बिघडलेलं नाही. कॉन्फिग फाइलीची प्रत आणि या नोंदी कपाटात, रॅमचं कोटेशन त्याच फाइलीत मागे लावलंय. एक्स्ट्रा-फर्मवेअरच्या पाचही फाइलींची नावं कागदावर जशीच्या तशी लिहून तीन नंबरच्या कॅबिनेटला आतून चिकटवली.

साडेचारला वीज गेली, वीस मिनिटांनी आली. मॅडमनी आठ बटणं दाबली आणि सवयीने गॅसकडे गेल्या. पातेल्यात पाणी ओतेपर्यंत मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पासवर्ड?"

राहिलेलं काम: तीन नंबरची बायोसची बॅटरी उतरली आहे, दर वेळी तारीख २००९ दाखवतो. सीआर-२०३२, येताना एक आणायची.